जपानी भयखेळांतील प्रश्न आणि प्रतिसाद

रात्री अनोळखी हाक आली, तर पहिल्या हाकेस ओ देऊ नये, असे कोकणातील वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. आगरदांड्यासारख्या खाडीकाठच्या गावात, जेथे अंधारात माणूस दिसण्याआधी त्याचा आवाज येतो, तेथे या संकेताचा अर्थ सहज कळतो. यातील भूत दृष्टीचा विषय नाही, संभाषणाचा आहे. ते दिसल्याने नव्हे, तर त्यास प्रतिसाद दिल्याने माणूस सापडतो. जपानमधील छोट्या, स्वतंत्र निर्मात्यांच्या भयप्रद व्हिडिओ गेम्सचा विचार या अंगाने करणे उपयुक्त ठरेल.

त्यांपैकी ‘चिल्लाज आर्ट’ या नावाने दोघे बंधू खेळ रचतात. त्यांचा ‘आका मान्तो’ (२०१९) शाळेच्या शौचालयातील एका प्रसिद्ध दंतकथेवर आधारलेला आहे. आतील माणसास आवाज विचारतो : तांबडे हवे की निळे? तांबडे म्हणणारा रक्तबंबाळ होऊन मरतो, निळे म्हणणारा गळा आवळला जाऊन किंवा रक्त शोषले जाऊन. येथे वेताळपंचविशीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे; उत्तर ठाऊक असून मौन धरले तर डोके फुटणार, आणि बोलले तर प्रेत पुन्हा झाडावर जाणार. तथापि साम्य एवढ्यावरच थांबते. वेताळाच्या प्रश्नास खरे उत्तर असते, आणि ते देण्यात विक्रमाच्या बुद्धीचा गौरव होतो. जपानी प्रश्नाचे व्याकरण तेवढे प्रश्नाचे आहे. दंतकथेच्या काही पाठांत तर देऊ केलेले नाकारणाराच वाचतो.

या खेळांच्या जुनाट चित्ररूपास केवळ गतकाळाची ओढ म्हणणे अपुरे आहे. १९९४ च्या डिसेंबरात जपानमध्ये विक्रीस आलेल्या पहिल्या प्लेस्टेशनची गणिती अचूकता मर्यादित होती. त्यामुळे आकृत्यांचे कोन थरथरत आणि भिंतींवरील पोत वाकडे होत. १९९९ च्या ‘सायलेंट हिल’मधील धुक्याने दूरचे दृश्य रेखाटण्याची असमर्थता झाकली. यंत्राचा हा नाइलाज आजचे निर्माते बुद्ध्या स्वीकारतात आणि त्यावर व्हिडिओ कॅसेटची धूसरता चढवितात. चेहरा स्पष्ट नसला की समोरच्याचा हेतू शब्दांवरूनच ओळखावा लागतो, आणि शब्द तर ठराविक असतात.

‘द कन्व्हीनियन्स स्टोअर’ (२०२०) मध्ये हे उत्तम साधले आहे. रात्रपाळीची विद्यार्थिनी माल लावते, गिऱ्हाइकाच्या वस्तूंची नोंद करते, पैसे घेते. जपानी दुकानात शिरणाऱ्यास ‘इराश्शाइमासे’ म्हणतात. त्या स्वागतास उत्तर अपेक्षित नसते. अशा औपचारिक बोलण्याने माणसामाणसांत जे सुरक्षित अंतर राहते, ते हळूहळू कमी होणे, हीच खेळातील खरी घटना होय. ‘द क्लोजिंग शिफ्ट’ (२०२२) मध्ये कॉफीच्या दुकानातील मागण्या पुऱ्या करतानाही हाच अनुभव येतो. पण पाठलाग करणारा पुरुष एकदा निश्चित झाला की भय गुन्ह्याच्या पातळीवर उतरते. ‘पॅरासोशल’ (२०२३) मध्येही पाठलागच पुन्हा यावा, हे या निर्मात्यांच्या कल्पकतेस शोभत नाही.

महाराष्ट्रात पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ (२०२०) या खेळात पुराणकथांचे भव्य विश्व उभे केले. भयखेळास एवढा पसारा लागत नाही. मात्र कोकणावर असा खेळ रचू पाहणारा बहुधा प्रथम मुंजा, हडळ, गिऱ्हा यांची यादी करील, आणि त्या सर्वांच्या तोंडी पाठ्यपुस्तकी मराठी घालील. तेथेच तो फसेल. (मराठी भयकथेतील भुतेही पुष्कळदा शुद्धलेखन शिकलेली असतात!) आगरदांड्याहून दिघीस वाहने नेणारी फेरी आहे, तिच्या धक्क्यावर तिकिटाचे, सुट्या पैशांचे, भरती-ओहोटीचे तेच ते बोलणे रोज चालते. त्या किनाऱ्यावर कोळ्यांची बोली आहे, कोकणी मुसलमानांची आहे, आणि परक्याशी बोलताना वापरायची तिसरी मराठी आहे. शेवटच्या फेरीच्या वेळी एखादा उतारू यांपैकी नेमक्या कोणत्या बोलीत ‘किती जण?’ असे विचारतो, आणि ती बोली त्याची असू शकते काय, हे ऐकणारास कळले पाहिजे.