ऑर्कुटच्या काळातील उदास गाणी

पाश्चात्त्य देशांत हल्ली पस्तिशी-चाळिशीतील मंडळी ‘इमो’ संगीताच्या आठवणींनी व्याकुळ होतात. ‘इमोशनल’ या शब्दाचे हे लघुरूप. १९८०च्या दशकाच्या मध्यास वॉशिंग्टनमध्ये उगम पावलेला हा प्रकार मायस्पेसच्या दिवसांत तरुणांच्या घरोघर पोहोचला. शब्दार्थानेच पाहायचे तर आपण त्याला भावगीत म्हणू. आणि आपल्या घरांतील त्याचा काळ तो ऑर्कुटचा.

संदीप खरे व सलील कुलकर्णी यांचा ‘आयुष्यावर बोलू काही’ हा कार्यक्रम २००३ मध्ये सुरू झाला. ऑर्कुट २००४ मध्ये आले. तेव्हा बिदर, भालकी, आळंद येथील मराठी घरांतील अनेक मुले कन्नड वा इंग्रजी माध्यमात शिकत होती. देवनागरी अडखळत वाचणारी ही मुले त्या गीतांच्या ओळी रोमन लिपीत लिहून एकमेकांना ‘स्क्रॅप’ धाडीत. आरती आणि आजीशी बोलणे यांपलीकडे, मराठीत दुःखही करता येते, हे त्यांना असे कळले. आज ती हळहळतात ती चालींसाठी थोडी आणि त्या मराठीसाठी अधिक, असे आमचे मत आहे.

खरे यांची बोलभाषा छंदात विनासायास बसते, हे त्यांचे मोठे सामर्थ्य. मात्र त्यांची उदासी पुष्कळदा सुखावणारी असते. सुरेश भटांच्या गझलेतील दुःख जगाला जाब विचारते. येथे ते बहुधा आपल्यापाशीच रमते. ‘मी मोर्चा नेला नाही’ हा ठळक अपवाद. कशातच न उतरलेल्या, साधा निषेधही न नोंदवलेल्या बघ्याचे ते आत्मकथन आहे. पुण्यात तो मध्यमवर्गाचा उपहास वाटेल. सीमाभागात १९५६ पासून मोर्चे निघाले आणि महाराष्ट्राचा दावा २००४ मध्येच सर्वोच्च न्यायालयात गेला. येथे ते गीत निराळे बोचते. आम्हा सरकारी नोकरांना तर सेवानियमांनी मोर्चा वर्ज्यच होता. मुले ते गीत ऐकत आणि आमच्याकडे पाहत. (विचारीत मात्र काही नसत.)

ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद पडले. महिनाभराने, १ नोव्हेंबरला, गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले. ती मुले आता पुणे-बंगळूर-हैदराबादेस आहेत. गाडीत ती गाणी लागली की नातवंडे अर्थ विचारतात, आणि तो इंग्रजीत सांगावा लागतो.