वाचन अखंड, लेखन उसनें

लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांनीं १८४८ ते १८५० या काळांत ‘प्रभाकर’ साप्ताहिकांत १०८ पत्रें लिहिलीं. तींच ‘शतपत्रें’ म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांतील मतें सर्वांस पटोत वा न पटोत, तीं लेखकाचीं स्वतःचीं आहेत याविषयीं शंका येत नाहीं. त्या काळच्या साप्ताहिकास शेवटचें पान असे. तें संपलें कीं वाचक विचारास मोकळा होई. आज मोबाईलच्या पडद्यावर वाहणाऱ्या बातम्यांस शेवट म्हणून नाहीं. त्यामुळें ब्लॉग लिहिणारे आमच्यासारखे लोक दिवसभर वाचतात आणि सकाळीं वाचलेलें दुसऱ्याचें मत रात्रीं आपलें म्हणून उतरवितात. गेल्या वर्षींचे आमचेच लेख चाळतां हा दोष पानोपानीं आढळला, म्हणून हें लिहिणें. बातम्या वर्ज्य कराव्या असें आमचें म्हणणें नाहीं. वाचनावांचून लेखन पोकळच होतें. परंतु प्रवाहास शेवट नसेल, तर तो वाचकानेंच नेमला पाहिजे. घटकाभर वाचावें, यंत्र बाजूस ठेवावें, आणि रात्र उलटल्यावरही जी बातमी मनास टोचत राहील तिच्यावरच लिहावें. अशानें लेख थोडे होतील; पण जे होतील ते आपले असतील.