प्रवाह आणि टूम : सुनीत व गझल यांच्या निमित्ताने

साहित्यविचारात 'प्रवाह' आणि 'टूम' हे दोन शब्द वारंवार योजिले जातात. परंतु त्यांच्यातील भेद क्वचितच सांगितला जातो. जे आवडते त्यास प्रवाह म्हणावे आणि जे आवडत नाही त्याची टूम म्हणून बोळवण करावी, अशी एक सोयीची रीत पडून गेली आहे. अशा वेळी हे शब्द संज्ञा उरत नाहीत. ती केवळ पसंती-नापसंतीची नावे ठरतात. अभिरुचीचा इतिहास लिहिणाऱ्यास आणि विशेषतः एखाद्या वाङ्मयप्रकारावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास एवढ्यावर भागवता येणार नाही. कोणता बदल भाषेत व वाङ्मयात रुजतो आणि कोणता वरच्यावर तरंगून जातो, हे ओळखण्याची काही कसोटी त्याच्यापाशी असली पाहिजे.

सामान्यतः दोन कसोट्या सुचविल्या जातात. पहिली काळाची : जे टिकले तो प्रवाह, जे ओसरले ती टूम. दुसरी संख्येची : ज्यात पुष्कळांनी लिहिले तो प्रवाह, ज्यात थोड्यांनी लिहिले ती टूम. पहिली कसोटी खोटी नाही. मात्र ती निकाल सांगते, कारण सांगत नाही. शिवाय ती नेहमी उशिरा हाती येते. दुसरी कसोटी तर सरळसरळ दिशाभूल करणारी आहे. कारण टूमेचे पहिले लक्षणच गर्दी हे होय. मराठी कवितेतील दोन आयात रचनाप्रकारांचा इतिहास शेजारी ठेवून पाहिला म्हणजे या दोन्ही कसोट्यांचे उणेपण ध्यानात येते. हे दोन प्रकार म्हणजे सुनीत आणि गझल. दोन्ही परभाषेतून आले, दोन्हींची उपासना एका काळात एकाच कविमंडळाच्या परिसरात झाली, आणि दोहोंचे भवितव्य मात्र सर्वस्वी भिन्न झाले.

केशवसुतांनी १८९२ मध्ये 'मयूरासन आणि ताजमहाल' ही कविता लिहिली आणि इंग्रजी सॉनेटच्या धर्तीवरील चौदा ओळींची रचना मराठीत आणली. पुढे तीस सुनीत हे नाव रूढ झाले. १९२३ मध्ये पुण्यात रविकिरण मंडळाची स्थापना झाल्यानंतर या रचनेस विलक्षण बहर आला. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश यांच्या लौकिकामुळे आणि काव्यगायनाच्या बैठकींमुळे मंडळाची कविता गावोगाव पोहोचली. तिच्याबरोबर सुनीतही पोहोचले. मासिकांतून सुनीते येऊ लागली, सुनीतांच्या मालिका होऊ लागल्या. माधव ज्यूलियन यांची 'तुटलेले दुवे' ही सुनीतमाला १९३८ ची. एखाद्या नवोदित कवीने आपण आधुनिक आहोत हे सिद्ध करावयाचे तर सुनीत लिहावे, असा तो काळ होता.

गझलेची गोष्ट वेगळी. अमृतराय, मोरोपंत यांच्या काही रचनांत तिच्या खुणा दाखविल्या जातात; परंतु तिचा जाणीवपूर्वक पुरस्कार माधव ज्यूलियन यांनी केला. ते फारसीचे प्राध्यापक होते आणि छंदःशास्त्राचे साक्षेपी अभ्यासक होते. १९२७ मध्ये प्रथम आलेली आणि १९३७ मध्ये वाढविलेली 'छंदोरचना' याची साक्ष देते. त्यांचा 'गज्जलांजली' हा संग्रह १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील बऱ्याच रचनांत फारसी वृत्ते आहेत. परंतु प्रत्येक शेर स्वतंत्र, स्वयंपूर्ण असण्याचे जे गझलेचे मर्म, ते बहुधा नाही. एकच प्रेमभाव आरंभापासून अखेरपर्यंत वाहत जातो. म्हणजे देह गझलेचा आणि प्राण भावगीताचा. १९३९ मध्ये माधव ज्यूलियन निवर्तले आणि त्यांच्यामागे ही रचना जवळजवळ अनाथ झाली.

आता १९३५ च्या सुमारास एखाद्या समीक्षकास या दोन प्रकारांविषयी भाकीत करावयास सांगितले असते, तर त्याने काय म्हटले असते? सुनीतामागे चार दशकांहून अधिक परंपरा होती, मोठी संख्या होती, मान्यता होती. गज्जल ही एका विद्वान कवीची हौस होती. काळाची आणि संख्येची अशा दोन्ही कसोट्यांनी सुनीत हा प्रवाह आणि गज्जल ही टूम ठरली असती. प्रत्यक्षात सुनीत पुढील पिढीत मागे पडले आणि आज ते क्वचितच लिहिले जाते. गझल मात्र सुरेश भट यांच्या 'रंग माझा वेगळा' (१९७४) आणि 'एल्गार' (१९८३) या संग्रहांनंतर मराठी कवितेच्या मध्यभागी येऊन बसली. हे उलटे कसे झाले, हा खरा प्रश्न आहे.

वृत्ताकडे बोट दाखवून याचे उत्तर मिळत नाही. सुनीते बहुधा अक्षरगणवृत्तांत लिहिली गेली. परंतु गझलही लघुगुरूंच्या नियत क्रमाशी बांधलेलीच असते. बंधनाची कठोरता दोन्हीकडे सारखी आहे. भेद आहे तो ओळीच्या शेवटी.

मराठी वाक्यात क्रियापद सामान्यतः अखेरीस येते, आणि नामाचे विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये नामाच्या मागून येतात. म्हणजे उच्चाराचा शेवट बहुधा व्याकरणिक घटकाने होतो. कोशगत अर्थ त्याच्या आधी येऊन गेलेला असतो. इंग्रजीत वाक्याच्या अखेरीस नाम सहज येते आणि म्हणून यमक दोन अर्थपूर्ण शब्दांना एकमेकांसमोर उभे करते. तेच यमक मराठीत स्वाभाविक पदक्रमाने जुळविले तर 'गेला' आणि 'आला', 'घरात' आणि 'दारात' अशा जोड्या हाती येतात. येथे जुळतो तो प्रत्यय. त्यातून ना नाद निर्माण होतो, ना अर्थाचा धक्का. हे टाळण्यासाठी कवीने पदक्रम उलटावा आणि नाम ओळीच्या शेवटी न्यावे, तर भाषा बोलण्यापासून दूर जाते आणि संस्कृतप्रचुर, आवळलेली अशी एक खास 'सुनीतशैली' तयार होते. मराठी सुनीतकार या दोन अडचणींच्या मध्ये सापडलेला दिसतो. समर्थ कवींनी त्यांतून वाट काढली. परंतु प्रत्येकाने ती स्वतःपुरती काढली. अनुकरण करणाऱ्यांच्या हाती मात्र केवळ ती शैली लागली.

गझलेत ही अडचणच सोय होऊन बसते. तिथे ओळीच्या अखेरीस रदीफ असते, म्हणजे न बदलता पुन्हा पुन्हा येणारा शब्द वा शब्दसमूह; आणि तिच्या आधी काफिया, म्हणजे यमक साधणारा शब्द. क्रियापद रदीफेने उचलले की यमकाचा भार आपोआप मागे, कोशगत शब्दावर सरकतो. 'होते' ही रदीफ घेतली तर 'दार होते', 'चार होते', 'फार होते' अशी रचना संभवते. पदक्रम बोलण्यातलाच राहतो आणि यमक मात्र अर्थवाही शब्दांत पडते. त्यातही व्याकरणाचा अंकुश सुटत नाही. 'अंधार' हा शब्द याच यमकात बसतो, परंतु तो पुल्लिंगी एकवचनी असल्याने 'होता' मागतो; तो वापरावयाचा तर कवीला वाक्याची घडण बदलावी लागते. लिंगवचनाच्या या अन्वयामुळे प्रत्येक शेरात एक लहानसा शोध करावा लागतो. क्रियापद अखेरीस ठेवणाऱ्या फारसी आणि उर्दू भाषांत रदीफ बहरावी आणि मराठीतही ती सहज बसावी, हा केवळ योगायोग नव्हे.

दुसरा भेद रचनेच्या एककाचा. सुनीताचे एकक चौदा ओळींचे. त्यातील विचार चढत जातो, वळण घेतो आणि समारोपास येतो. ते वाचण्याचे काव्य आहे. गझलेचे एकक दोन ओळींचे; पहिली ओळ काही मांडते, दुसरी तिला अनपेक्षित उत्तर देते. ओवी, अभंग, म्हण, कीर्तनातील दाखला यांवर पोसलेल्या श्रोत्याला अशी लहान, सुटी करून नेता येणारी उक्ती परकी नव्हती. भटांचा जन्म अमरावतीचा आणि पुढील वास्तव्य नागपूरचे. विदर्भातील या शहरांत उर्दू कानावर पडत असे आणि मुशायऱ्याची रीत परिचित होती. त्यांनी शेराचे स्वातंत्र्य राखले, भाषा बोलण्याच्या जवळ आणली आणि प्रेमाच्या जोडीला सामाजिक संतापही त्या दोन ओळींत आणला. माधव ज्यूलियन यांनी वृत्त आणले होते. भटांनी एकक आणले.

यावर एक आक्षेप संभवतो. भटांची गझल रुजली ती त्यांच्या व्यक्तिमत्त्वामुळे आणि संगीतामुळे, असे म्हणता येईल. हृदयनाथ मंगेशकर यांच्या चालींनी त्यांच्या रचना घरोघर नेल्या, भीमराव पांचाळे यांच्यासारख्या गायकाने मराठी गझलगायनास वाहून घेतले, हे खरेच आहे. परंतु प्रभावी व्यक्तिमत्त्व आणि गायन रविकिरण मंडळापाशीही होते. तेव्हा प्रसाराची साधने दोन्हीकडे असताना एक रचना ओसरली आणि दुसरी राहिली, याचे कारण साधनांत शोधता येणार नाही. साधने बी दूरवर टाकतात; ते कुठे उगवेल हे जमीन ठरविते. भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहून रचनेचे नियम कोणालाही शिकता येतील असे मांडले, ही गोष्ट अधिक महत्त्वाची. त्यामुळे रचना गुरूपासून सुटी झाली. इलाही जमादार यांच्यासारख्या पुढील कवींचा स्वर भटांचा नाही, आणि तरीही त्यांची रचना गझलच आहे.

येथे कसोटीचा पहिला भाग हाती येतो. टूम स्वतःची प्रतिकृती काढते. प्रवाह बदलत जातो. 'केशवकुमार' या नावाने आचार्य अत्रे यांनी १९२५ मध्ये 'झेंडूची फुले' काढली आणि समकालीन कवींची यथेच्छ विडंबने केली. विडंबन कोणत्याही शैलीचे होऊ शकते. परंतु त्यानंतर ती शैली स्वतःत बदल करू शकते की नाही, यावरून तिचा कस लागतो.

कसोटीचा दुसरा भाग भाषेतील रिकाम्या जागेचा. शब्दसंग्रहातही हेच घडते. भाषाशुद्धीच्या चळवळीत सावरकरांनी अनेक प्रतिशब्द दिले. 'महापौर' मराठीत असा मुरला की तो घडविलेला शब्द आहे, हे आज कोणाच्या मनातही येत नाही. 'कायदा' या अर्थी सुचविलेला 'निर्बंध' मात्र त्या अर्थाने रुजला नाही. तो बंधन, मनाई या अर्थाने राहिला. एकाच चळवळीतील, एकाच व्यक्तीने पुरस्कारिलेले हे दोन शब्द. पहिल्यासाठी भाषेत जागा मोकळी होती. दुसऱ्याच्या जागी 'कायदा' पिढ्यान्‌पिढ्या घर करून बसला होता. स्वतः माधव ज्यूलियन यांनी प्रथम फारसी शब्द मुक्तपणे वापरले आणि पुढे भाषाशुद्धीचा कैवार घेऊन आपल्याच कवितांतील ते शब्द बदलले. या दोन टोकांच्या भूमिकांत कवीचा आग्रह दिसतो. भाषेचा कल दोन्हींहून निराळा होता.

याचा अर्थ टूम व्यर्थ असते असा नव्हे. सुनीताच्या बहराने मराठी कवितेला विचार आवरून मांडण्याची शिस्त लावली. विंदा करंदीकरांचे मुक्तसुनीत ही त्या शिस्तीचीच पुढील पायरी होय. वृत्ताचे बंधन गेले आणि चौदा ओळींतील विचाराची घडण राहिली. माधव ज्यूलियन यांचा गज्जलेचा प्रयोग फसला असे मानले तरी त्यांनी केलेली वृत्तांची चिकित्सा पुढील गझलकारांना आयती मिळाली. म्हणजे टूम आणि प्रवाह हे एकमेकांचे शत्रू नव्हेत. पुष्कळदा टूम ही प्रवाहावरील फेस असते, आणि कधी कधी ती अवेळी आलेला प्रवाहच असते.

म्हणूनच गझलेच्या आजच्या स्थितीविषयी सावध बोलणे अगत्याचे आहे. आज गझलेच्या कार्यशाळा भरतात, मुशायरे होतात, समाजमाध्यमांवर दररोज नव्या गझला येतात. ही गर्दी पाहून गझलेचा सुवर्णकाळ आला असे म्हणणे आणि ही सारी टूम आहे असे म्हणून पाठ फिरविणे, दोन्ही १९३५ च्या त्या काल्पनिक समीक्षकाची चूक पुन्हा करण्यासारखे आहे. तांत्रिक निर्दोषता हेच जिथे साध्य झाले, रदीफ-काफिया जुळला की शेर झाला असे जिथे मानले गेले, तिथे गझलेच्या प्रवाहात गझलेचीच टूम निर्माण झाली असे म्हणावे लागेल. सुनीताच्या शेवटच्या काळात असेच झाले होते; चौदा ओळी भरत होत्या, त्यांतले वळण हरवले होते.

तेव्हा अभ्यासकाने किती गझला लिहिल्या गेल्या हे मोजण्याऐवजी पुढील गोष्टी तपासाव्यात. रचना भाषेच्या घडणीशी कुठे जुळते आणि कुठे तिला मुरड घालावी लागते? भाषेत किंवा वाङ्मयात जी गोष्ट पूर्वी सहज बोलता येत नव्हती, ती या रचनेमुळे बोलता येऊ लागली काय? मूळ पुरस्कर्त्याच्या वर्तुळाबाहेर, त्याच्याहून भिन्न अनुभवाच्या लेखकांनी तिला हात घातला काय, आणि त्यांच्या हाती ती बदलली काय? या प्रश्नांची उत्तरे मिळण्यास पन्नास वर्षे थांबावे लागत नाही; ती समोरच्या संहितेतच असतात. 'गज्जलांजली'चे पान १९३३ मध्येही ती देत होते. शेर स्वतंत्र नाही हे त्या पानावर दिसत होते, आणि रदीफ मराठीला मानवते हेही दिसत होते. संख्येकडे पाहणाऱ्यास या दोन्ही गोष्टी दिसल्या नसत्या.