हसण्याचा गुन्हा

दिवाळी अंक घरात आला की मुले आधी व्यंगचित्रांची पाने काढून बसतात आणि वडील मंडळी कथा-कविता दुपारच्या निवांतपणासाठी राखून ठेवतात. आमच्या धाराशिवच्या घरीही ही वाटणी वर्षानुवर्षे चालत आली आहे. पण हसण्यासाठी एकेकाळी केवढी किंमत मोजावी लागे, हे फराळाच्या गडबडीत कुणाच्या ध्यानात राहत नाही.

मराठीतला पहिला दिवाळी अंक का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली काढला. ते साल पाहण्यासारखे आहे. आदल्याच वर्षी लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली होती आणि ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांना एकोणीस महिन्यांची. पुढच्या वर्षी, १९१० साली, छापखान्यांचा नवा कायदा आला.

त्या कायद्याचे चौथे कलम वाङ्मयाच्या अभ्यासकाने जरूर वाचावे. नुसते शब्दच नव्हे, तर खुणा आणि डोळ्यांना दिसणारी आकृतीही त्यात धरली आहे. आक्षेपार्ह अर्थ सूचनेने, रूपकाने, ध्वनीने वा आणखी कोणत्याही रीतीने निघाला, तरी अनामत जप्त! आमच्या आलंकारिकांनी ध्वनीचे पुष्कळ प्रकार सांगितले, पण त्याला दंड सांगितला नाही. ते काम इंग्रज सरकारने केले. परांजप्यांच्या वक्रोक्तीला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणता टीकाकार देणार?

मात्र या वक्रोक्तीला एक मर्यादा होती. तिचा चिमटा कळण्यास वाचणारा मुळात जाणता हवा. निरक्षर शेतकऱ्यापर्यंत पोहोचायचे तर चित्रच हवे होते. आणि त्या काळचे राजकीय व्यंगचित्र म्हटले की आपल्याकडे नाव निघते ते मुंबईच्या ‘हिंदी पंच’चे, तो इंग्रजी-गुजराती. १८५४ च्या ‘पारसी पंच’चा हा वारस. १९०५ साली वंगभंगाला त्याने चित्रातून उघड विध्वंस म्हटले. एरवी त्याची वृत्ती नेमस्त, चिमटा काढून लगेच नमस्कार करणारी. त्याला भेकड म्हणणे मला पटत नाही. पण तो टिकला याचे एक कारण हा नमस्कारही असावा. सुब्रमण्य भारतींच्या ‘इंडिया’ या तमिळ साप्ताहिकाने नमस्कार टाळून चित्रे छापली. त्याला १९०८ साली मद्रास सोडून फ्रेंचांच्या पाँडिचेरीचा आसरा घ्यावा लागला.

मराठीतली चित्राची उणीव रंगभूमीने भरून काढली, असे माझे मत आहे. कृ. प्र. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. नाटकात कर्झनचे नाव नाही. पण कीचक समोर उभा राहताच प्रेक्षकांनी तो ओळखला. हे चालतेबोलते व्यंगचित्रच होते, आणि ते पाहण्यास अक्षरओळख लागत नव्हती. सरकारनेही ते ओळखले. १९१० साली नाटकावर बंदी आली.

आमच्या मराठवाड्यात तर इंग्रजांच्या छत्राखाली निजामाचे राज्य. हैदराबादेत ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्लाखान यांनी भारतात विलीन होण्याचा पक्ष उघडपणे मांडला. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. सप्टेंबरात संस्थान मुक्त झाले. तो दिवस पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. जिथे सरळ बोलण्याची ही किंमत, तिथे हसण्याची काय कथा?

हे सारे परक्यांचे पाप म्हणून सोडून द्यावे, तर एक आठवण आड येते. एकदा तासाला गेलो, तो फळ्यावर माझेच चित्र! चश्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात छडी. मुले श्वास रोखून बसली होती. माझा हात पहिल्यांदा गेला तो डस्टरकडेच. क्षणभराने मी तो मागे घेतला आणि चित्राशेजारच्या मोकळ्या जागेत धडा लिहिला. तास संपेपर्यंत चित्र तसेच राहिले. पण हात आधी कुठे गेला, ते मी विसरलेलो नाही.