धारवाडी पद, बंगळुरी रॉक

बंगळूरच्या रॉकचा विषय निघाला की पॅलेस ग्राउंड्सचे नाव निघतेच. १७ मार्च २००७ रोजी आयर्न मेडन तिथे वाजले, २०११ मध्ये मेटॅलिका. त्याच मैदानावर २००५ मध्ये गायक-संगीतकार सी. अश्वथ यांचा 'कन्नडवे सत्य' हा कार्यक्रम झाला होता आणि कन्नड कवितेसाठी तिथे प्रचंड गर्दी लोटली होती. या शहरातल्या रॉकला आपला आवाज सापडला तो या दोन गर्द्यांच्या मधोमध, असे मला वाटते. गायक रघू दीक्षित यांचे 'गुडुगुडिया सेदि नोडो' ऐकताना ते नीट कळते.

दीक्षितांचा जन्म नाशिकचा, वाढले म्हैसूरला, भरतनाट्यम शिकले. 'द रघू दीक्षित प्रोजेक्ट' हा त्यांचा पहिला अल्बम २००८ चा. हे पद त्यातलेच, पण शब्द संत शिशुनाळ शरीफांचे (१८१९–१८८९). शरीफ धारवाड भागातले, आजच्या हावेरी जिल्ह्यातले. जन्माने मुसलमान, गुरू गोविंद भट्ट ब्राह्मण. कन्नडमध्ये त्यांच्या रचनांना तत्त्वपदे म्हणतात. नाथांची भारुडे ऐकलेल्या मराठी माणसाला ही जातकुळी लगेच ओळखू येईल: रोजच्या वापरातली एखादी वस्तू उचलायची आणि तिच्या आडून अध्यात्म सांगायचे.

इथली वस्तू गुडगुडी. शरीफ सांगतात, ही ओढून बघ आणि देहातला रोग बाहेर फेकून दे. मग साहित्य एकेक करून निघते. मन ही पिशवी, ती सोडायची. रोज फसवणारी भांग चिरायची. बुद्धीचा विस्तव करायचा. नशेचा सारा सरंजाम मांडलेला, आणि जळते मात्र नशाच. उपदेशाचा स्वर कुठेही चढत नाही. पारावर शेजारी बसलेल्याच्या हाती नळी द्यावी, तसा तो येतो.

दीक्षितांची चाल या सलगीला धरून आहे. हे पद मुळातच अरे-तुरेचे, आज्ञार्थी, फिरून फिरून ध्रुवपदावर येणारे. चारचौघांनी उचलून धरावे असा त्याचा बांधा आहे. रॉकला याहून वेगळे काय लागते? म्हणून गिटार आणि ड्रम्स आले तरी शब्द गुदमरत नाहीत. आवाज मोकळा, छातीतून निघालेला. मंचावर रंगीत लुंगी आणि पायात घुंगरू. ते घुंगरू मला नुसती सजावट वाटत नाहीत, नर्तकाचा पाय तालाचा भार उचलतो.

याआधी इथे चांगले रॉक नव्हते असे मुळीच नाही. १९९६ पासूनचा 'थर्मल अँड अ क्वार्टर' हा इथला बँड इंग्रजीत गातो, आणि कसदार गातो. पण बोलीने रॉकमध्ये पाऊल टाकले की काय होते, हे तैवानमध्येही दिसले. तिथला लष्करी कायदा १९८७ मध्ये उठला. शाळेत आणि प्रसारणात दाबून ठेवलेली होक्कियन बोली १९८९ मध्ये ब्लॅकलिस्ट स्टुडिओ या गटाच्या गाण्यांत उसळली. पुढच्याच वर्षी गायक लिम गिओंगने घर सोडून रेल्वेने तैपेईला निघालेल्या तरुणाचे गाणे त्याच बोलीत गायले. कन्नडवर तशी बंदी कधी नव्हती. इथे अडसर होता तो रॉक म्हणजे इंग्रजी या समजुतीचा. अश्वथांनी शरीफांची पदे घरोघर पोचवली होती, त्यामुळे तो अडसर दूर करणाऱ्याला श्रोता आयता मिळाला.

'जग चंगा' (२०१३) या पुढच्या अल्बममध्ये दीक्षितांनी शरीफांचेच 'लोकद काळजी' घेतले. साऱ्या जगाची चिंता वाहणाऱ्याची त्यात मस्त फिरकी आहे आणि लोकांना ते फार आवडते. तरी मी झुकते माप गुडगुडीलाच देईन. तिथे कवीने हातात काहीतरी दिले आहे, आणि गायकाने ते हातातून निसटू दिलेले नाही.