'स्पर्श' : एक आक्षेप

सई परांजपे यांच्या १९८० सालच्या 'स्पर्श' या हिंदी चित्रपटाने दयेचा सूर टाळला, याची वाखाणणी झाली, ती रास्तच. परंतु त्यातील अंध प्राचार्य अनिरुद्धचा करारीपणा आम्हांस अर्धाच पटतो. आपल्या शाळेत तो कोणाची मदत घेत नाही, कारण तेथील पायरी न् पायरी त्याच्या ओळखीची आहे. स्वाभिमानालाही जागेची साथ लागते. चित्रपट मात्र सारा तंटा अनिरुद्ध व कविता यांच्या मनांतच मिटवू पाहतो. २०१६ च्या कायद्याने सार्वजनिक इमारती सुगम करणे बंधनकारक झाले (आम्हां कारकुनांस त्याची परिपत्रके तेवढी परिचित!). आता तो चित्रपट पाहताना, डॉक्टरांकडे निघालेला अनिरुद्ध गाण्याच्या ओढीने कविताच्या दारी पोहोचतो, तेव्हा बोटांना वाचता येईल असा घरक्रमांक आम्ही शोधू लागतो.