मागणी नसलेली भुतं

वेताळ म्हटलं की मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं: हातात तलवार, खांद्यावर प्रेत आणि स्मशानातून निघालेला राजा. हे चित्र ना पुण्यात काढलं गेलं, ना कोल्हापुरात. ते मद्रासच्या वडपळनीत, के. सी. शिवशंकरन ऊर्फ शंकर (१९२४–२०२०) या तमिळ चित्रकाराच्या हातून उतरलं. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू केलेलं मासिक १९५२ पासून ‘चांदोबा’ या नावाने मराठी घरांत येऊ लागलं. वेताळपंचविशीतल्या मूळच्या पंचवीस कथा संपल्यावर मासिकाच्या लेखकांनी नव्या कथा रचल्या आणि ही मालिका कित्येक दशकं चालवली. एवढ्या कथा बदलल्या, पण शेवटी विचारला जाणारा प्रश्न कोणी काढून टाकला नाही. वेताळ राजाला घाबरवायला येत नाही. तो एक तंटा मांडतो, न्याय कोणाच्या बाजूने आहे ते विचारतो, आणि उत्तर ठाऊक असूनही गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील असं बजावतो. मेलेल्याला विचारण्याचा हक्क आहे आणि जिवंत माणूस उत्तराला बांधलेला आहे, हा या रचनेचा कणा. भुताच्या गोष्टीचा कस मला इथेच दिसतो. ज्या शहराने आपल्याला हा वेताळ दिला, त्या शहराच्या आजच्या भुताटकीत नेमका हा कणा उरलेला नाही, असं माझं म्हणणं आहे.

आज चेन्नईतली भुतं यादीत राहतात. शहरातल्या झपाटलेल्या जागांची यादी दर वर्षी नव्याने छापली जाते, चित्रफितींतून फिरते, आणि जागा मात्र त्याच त्या असतात: आळवारपेटजवळची डी मॉण्टे कॉलनी, अड्यारच्या मुखावरचा मोडका पूल, ईस्ट कोस्ट रोडचा एक पट्टा, बेझंटनगरमधला एखादा झाडीचा रस्ता. प्रत्येक जागेला दोन-तीन ओळी मिळतात. रात्री आवाज येतात, पांढरी आकृती दिसते, कुत्रे तिथे जात नाहीत. कोण मेलं, कशाने मेलं, त्याला काय हवं आहे, यातलं काहीच नसतं. डी मॉण्टे कॉलनीचंच बघा. जॉन डी मॉण्टे हा पोर्तुगीज वंशाचा व्यापारी खरा माणूस होता. तो १८२१ मध्ये वारला आणि त्याची मोठी मालमत्ता चर्चकडे गेली. पुढे त्या जमिनीवरची घरं भाड्याने दिली गेली, मग रिकामी पडली, आणि शहराच्या अगदी मोक्याच्या भागात ओसाड घरांची एक गल्ली तयार झाली. रिकाम्या घरांच्या अशा गल्लीला भूत चिकटणार हे उघड आहे. पण यादीतला डी मॉण्टे वेडी झालेली बायको आणि अकाली गेलेला मुलगा एवढ्यापुरताच उरतो, आणि हे दुःख तर जगातल्या कुठल्याही बंगल्याला चिकटवता येईल. दोनशे वर्षांपूर्वीच्या दानाची जमीन, ती सांभाळणारी संस्था, निघून गेलेले भाडेकरू, बांधकामाच्या भावाने पेटलेलं शहर, अशी गोष्ट फक्त मद्रासमध्येच घडू शकली असती आणि तीच कोणी सांगत नाही. अजय ज्ञानमुत्तूचा ‘डिमॉण्टी कॉलनी’ (२०१५) हा चित्रपट बांधेसूद आहे, भीती तो नेमकी उभी करतो. तरी त्यातलं भूतही आपल्या हरवलेल्या दागिन्यामागे धावतं, जमिनीबद्दल बोलत नाही.

मोडक्या पुलाचं तर याहून वाईट झालं. १९६७ मध्ये अड्यार नदीच्या मुखावर हा पूल बांधला गेला तो दोन्ही काठांवरच्या कोळ्यांच्या ये-जा करण्यासाठी. १९७७ मध्ये नदीच्या जोराने त्याचा एक भाग वाहून गेला आणि तो पुन्हा कधी जोडला गेला नाही. यादीत मात्र तिथे खून झालेल्या एका निनावी बाईचा आत्मा भटकतो. दहा वर्षं वापरलेला आणि मग सरकारने विसरलेला रस्ता अलीकडच्या ऊरूर कुप्पमला आणि पलीकडच्या श्रीनिवासपुरमला काय वाटतो, हे विचारायला यादी करणारा कुप्पममध्ये, म्हणजे कोळ्यांच्या वस्तीत, शिरतच नाही. मुट्टुकाडूजवळच्या करीकाट्टुकुप्पमची नोंद वाचताना मला राग येतो. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने हे मच्छीमार गाव उद्ध्वस्त झालं, उरलेली माणसं दुसरीकडे राहायला गेली, आणि काही वर्षांतच पडक्या घरांची ती वस्ती ‘भुतांचं गाव’ म्हणून सहलीच्या ठिकाणांत जमा झाली. तिथल्या मेलेल्यांची नावं ठाऊक असलेली माणसं आजूबाजूलाच राहतात. अशा ठिकाणी निनावी आकृती दिसल्याचं सांगणं म्हणजे मेलेल्यांची ओळख दुसऱ्यांदा पुसणं आहे.

यादी करण्याची ही सवय काही आजची नाही. मद्रास संग्रहालयाचे माजी अधीक्षक एडगर थर्स्टन यांनी १९१२ मध्ये दक्षिणेतल्या शकुन-अपशकुनांवर जाडजूड पुस्तक काढलं. त्यात भुताखेतांच्या असंख्य नोंदी आहेत, पण बहुतेक नोंदींतून सांगणारा माणूस गळून पडला आहे. ज्यांच्याकडून त्या गोळा झाल्या त्यांची रीत मात्र नेमकी उलटी होती. तमिळ खेड्यांत एखाद्याला ‘पेय्’ लागलं की पुजारी उडुक्कै हे छोटं डमरूसारखं वाद्य वाजवत आधी त्याची उलटतपासणी घेतो. तू कोण, कुठल्या गावचा, कसा मेलास, हिला का धरलंस, काय दिलं की जाशील? उत्तर येईपर्यंत वाद्य थांबत नाही. पेय् म्हणजे बहुधा अकाली, अपघाताने किंवा जीव देऊन मेलेला माणूस. त्याचं काहीतरी राहिलेलं असतं. जाताना झपाटलेल्या व्यक्तीची केसांची बट झाडाला खिळवली जाते. कोकणातलं गाऱ्हाणं आणि देवस्की ठाऊक असलेल्या वाचकाला यात परकं काही वाटणार नाही. आपल्याकडेही मुंजा, हडळ, खवीस, देवचार या प्रत्येकाचं मरण वेगळं, बसण्याचं ठिकाण वेगळं आणि मागणी वेगळी. आरवलीच्या वेतोबाला तर भले मोठे चामड्याचे जोडे वाहतात, कारण तो रात्री गावभर फिरतो आणि त्याचे जोडे झिजतात, अशी श्रद्धा आहे.

ही परंपरा शहरात मेली असं म्हणावं तर चेन्नईच्या ऐन मध्यावर, सेंट्रल स्टेशनापासून फार लांब नसलेल्या पल्लवन रस्त्यावर बॉडीगार्ड मुनीश्वरन बसलेला आहे. तमिळ लोकधर्मात मुनी हा झाडावर, वेशीवर राहणारा उग्र आत्मा आणि राखणदार देव यांच्या सीमेवर उभा असतो. नवी गाडी घेतलेले लोक इथे येतात, चाकाखाली लिंबू चिरडतात, चिरूट आणि दारू वाहतात. पूर्वीचा वेशीवरचा राखणदार इथे वाहतुकीचा राखणदार झाला. या दैवताला नाव आहे, पत्ता आहे आणि ठरलेलं देणं आहे. तरीही झपाटलेल्या जागांच्या यादीत मुनीश्वरन सापडत नाही. त्याच्याशी व्यवहार करता येतो, आणि यादीला फक्त पळून जाण्याजोगी जागा हवी असते.

तमिळ चित्रपटाने हा व्यवहार काही काळ तरी जपला, आणि समीक्षकांनी नाकं मुरडलेल्या चित्रपटांनीच तो जास्त जपला. राघव लॉरेन्सच्या ‘मुनी’मधलं (२००७) भूत एका वस्तीच्या पुढाऱ्याचं आहे. लोकांना घरं मिळतील या वचनावर त्याने राजकारण्याला मतं मिळवून दिली आणि बदल्यात त्याचा जीव गेला. ‘कांचना’मध्ये (२०११) तृतीयपंथी कांचनाने गरिबांच्या दवाखान्यासाठी घेतलेली जमीन बळकावली जाते आणि तिला त्याच जमिनीत गाडलं जातं. विनोद भडक आहे, आवाज कानठळ्या बसवणारा आहे, पण घर आणि जमीन हा चेन्नईचा खरा तंटा या भुतांच्या तोंडी आहे. ‘यावरुम नलम’ (२००९) नव्या फ्लॅटमध्ये आणि ‘ईरम’ (२००९) इमारतीतल्या पाण्यात भूत घालतो. ज्या शहरात पाण्याचा टँकर ही रोजची चिंता आहे, तिथे नळातून येणारं भूत ही उसनी कल्पना राहत नाही. यानंतर मात्र घसरण आहे. ‘अरण्मनै’ (२०१४) आणि त्याच्या पुढच्या भागांत जुना वाडा, मोठं कुटुंब, विनोदवीरांची पळापळ आणि शेवटी देवीची मिरवणूक हा साचा पक्का झाला. अन्याय आजही सांगितला जातो, पण तो मध्यंतरानंतरच्या पंधरा मिनिटांच्या पूर्वकथेत कोंबलेला असतो, आणि कोणत्याही वाड्यात बसेल इतका गुळगुळीत असतो.

एका जुन्या यशामागचं सूत्र मला अस्वस्थ करतं. मल्याळम ‘मणिचित्रताळ’ (१९९३) मध्ये वाड्यात कोंडलेली नर्तकी नागवल्ली तंजावरची तमिळ बाई आहे. तीच कथा ‘चंद्रमुखी’ (२००५) म्हणून तमिळमध्ये आली आणि माउंट रोडच्या शांती थिएटरात आठशेहून अधिक दिवस चालली, तेव्हा नर्तकी तेलुगू झाली. हिंदी ‘भूलभुलैया’त (२००७) ती बंगाली. आपल्या घरातलं भूत दर वेळी शेजारच्या भाषेत बोलतं. बाहेरून आणलेली, नाचवलेली आणि मारलेली बाई आपली नव्हतीच, अशी सोय त्यात आहे. मूळ चित्रपटात हे सगळं एका आजारी मनाच्या आधाराने फार हळुवारपणे येतं. पुढच्या आवृत्त्यांत तेवढं भूतच मोठं होत गेलं.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप विवेकवाद्यांचा, आणि पेरियारांच्या शहरात तो दुर्लक्षून चालणार नाही. भुतांच्या गोष्टींची भलावण केली की अंधश्रद्धेला बळ मिळतं आणि त्याची किंमत बहुतेकदा बायका मोजतात. हे खरं आहे. झपाटल्याच्या नावाखाली मारहाण झाली, होते, आणि महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर. मला अघोरी विधी परत नको आहेत, त्यातला प्रश्न हवा आहे. ‘कसा मेलास’ हा प्रश्न विवेकवाद्याचाही असतो. यादीच त्याला टाळते, म्हणून निनावी भीती पसरवण्यात तिचा वाटा मोठा आहे. नव्वदच्या दशकात सन टीव्हीवर गाजलेल्या ‘मर्मदेशम्’ने, विशेषतः त्यातल्या ‘विडादु करुप्पु’ या कथेने, करुप्पु या ग्रामदैवताचा धाक आणि माणसाच्या मनाची उकल एकत्र नांदवून दाखवली होती. लेखक इंदिरा सौंदरराजन यांचं २०२४ मध्ये निधन झालं. त्या तोडीचा उत्तराधिकारी मला तरी दिसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. तमिळमधल्या उत्तम भूतकथांपैकी एक, पुदुमैपित्तन यांची ‘कांचनै’, भुताला ना मागणी देते ना निवाडा. नवरा लेखक, बायको घरात ठेवून घेते ती एक अनोळखी भिकारीण, आणि नवऱ्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडत जातो. मग माझी कसोटी या कथेला नापास करते का? मला वाटतं, नाही. संदिग्धता आणि पोकळपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तिथे दार कोणी उघडलं, घरात कोणी घेतलं, रात्री कोण जागं होतं, हे सगळं लखलखीत आहे. संशय त्या तपशिलांतून निघतो आणि प्रश्न वाचकाकडे येतो. यादीत संशय घ्यायला कोणी माणूसच नसतो.

यादी हीच आजच्या तरुणांची लोककथा आहे, असंही कोणी म्हणेल. तिच्या जन्माबद्दल मी भांडत नाही. रात्री पुलावर जाणारी मुलं खरीच घाबरतात आणि एकमेकांना खरंच काहीतरी सांगतात. पण तोंडी गोष्ट सांगणाऱ्यागणिक बदलते, शेजारी ती खोडून काढतो, आजी वेगळाच शेवट सांगते. यादी नक्कल होऊन फिरते आणि तिला कोणी हरकत घेत नाही. मराठीत ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २०१६ मध्ये आली तेव्हा कोकणातल्या काही लोकांनी आपली बदनामी होते म्हणून आवाज उठवला. विरोध पटो न पटो, गोष्ट कोणाची तरी आहे हे त्यातून कळलं. डी मॉण्टे कॉलनीबद्दल असा आवाज कोण उठवणार? तिथे राहणारं कोणीच नाही.

मद्रासच्या इतिहासाची आवड लोकांत रुजवण्याचं काम एस. मुथय्या यांनी केलं, आणि त्यांनी मित्रांसह २००४ मध्ये सुरू केलेल्या मद्रास दिनानिमित्त दर ऑगस्टमध्ये शहरात पदयात्रा निघतात. तरमणीच्या रोजा मुथय्या ग्रंथालयात तमिळ छापील साहित्याचा अफाट साठा आहे. भुतांच्या गोष्टी तशाच काळजीने गोळा व्हायला हव्यात: कोणी सांगितली, कुठल्या वस्तीत, कोण मेल्याचं सांगितलं, काय मागतो म्हणाले, आणि कोणाला ते पटत नाही. सुरुवात ऊरूर कुप्पमपासून करावी. १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत जाणत्या वयात तो पूल पायी ओलांडलेली माणसं आता सत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. पुलावर कोण दिसतं हे त्यांना आधी विचारलं पाहिजे, आणि ते या दोन-चार वर्षांतच विचारता येईल.